उमाबाईंच्या नावाचा अंगठा

१

"मला मुलगा झालाय म्हणं," बाई म्हणाली. "बारा वर्षांचा. तुमच्या नांदेडच्या दप्तरात."

रेणुकादासाचा टाक दौतीतच थांबला. रजिस्ट्री कचेरीसमोरच्या लिंबाखाली त्याची बैठक. चटई, उतरतं मेज, दोन टाक, एक मराठीचा आणि एक उर्दूचा. अर्ज लिहून घ्यायला रोज माणसं यायची. रडत यायची, भांडत यायची. पण ही बाई रडतही नव्हती, भांडतही नव्हती. गळ्यात चांदीच्या चौक्यात लिंग, कपाळावर भस्माचं बोट, आणि डोळे असे, की समोरच्यानं खोटं बोलायच्या आधी दोनदा विचार करावा.

"बसा बाई. कुठल्या आपण?"

"लातूरची. उमाबाई. मालकांचं नाव शिवलिंगअप्पा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान हाय, मीच बसते. हे शिवमूर्ती, मालकांच्या वेळेपासूनचे मुनीम."

मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं हात जोडले. "शरणार्थ, मुन्शीजी. परवा अदालतीचा चपराशी आला न् दारावर कागद डकवून गेला. बाईंचे दीर मलप्पा, त्यांच्या पोराला, सिद्धरामला, बाईंनी दत्तक घेतलं म्हणं. सरकारी सतरा बहमनला, तीन आठवड्यांमागं, इथं, नांदेडात. आता घर न् दुकान पोराच्या नावानं मागून राहिलेत."

"आणि तुम्ही घेतलं नाही?"

"मुन्शीजी," उमाबाई म्हणाली, "नांदेड मी आज पहिल्यांदा बघून राहिले."

दत्तक उभा राहिला की विधवेच्या हाती पोटगीपुरतं उरतं, हे रेणुकादासाला सांगावं लागलं नाही, आणि तिलाही नाही.

"सतरा बहमनला तुम्ही होतात कुठं?"

"घरी. चार दिवस तापानं फणफणले होते, दार लावून पडले होते. पाहिलं ते एकट्या शिवमूर्तीनं, आणि हा माझ्याच घरचं मीठ खातो. कोण इचारतंय त्याला? सोमवारी तारीख हाय. आठ दिवस." तिनं पदर सारखा केला. "दुकान गेलं तर भांडी घासून जगीन. पण माझं नाव घेऊन कुणीतरी बाई हितं येऊन गेली. ती माझ्या नावानं उद्या आणखी काय करंल? मला माझं नाव वापस पाहिजे."

रेणुकादासानं कोरा कागद ओढला. "ज्याच्या नावाचा दस्त, त्याला नक्कल मिळायचा हक्क आहे. कायद्यानं एवढं दार उघडं ठेवलंय. चला, तिथूनच आत शिरू."

२

पेशकार श्रीपादरावांनी नोंदवही काढली तेव्हा दुपार कलली होती. बाई आणि मुनीम बाहेर पायरीवर बसले होते. दस्त उर्दूत होता. रेणुकादास वाचू लागला.

उमाबाई, मयत शिवलिंगअप्पाची विधवा. वडिलांचं नाव, माहेरचं गाव चाकूर, वय, नवरा वारला ती तिथी, सगळं बिनचूक. ओळखीची खूण : डाव्या मनगटावर नागाचं गोंदण. ओळख पटवणारे दोन साक्षीदार, दोघांचे पत्ते नांदेडचे. आणि खाली अंगठा. अंगठा कसला, पावसात धावलेलं ढेकूळ! एक रेघ ओळखू येईना.

"श्रीपादराव, हा काय ठसा घेतलात?"

"अहो, काय करणार?" पेशकार ओशाळले. "बाई आजारी म्हणून घाटाजवळच्या धर्मशाळेत बोलावलं होतं. पडद्याआडून डावा हात बाहेर आला. गोंदण पाहिलं, चांगलं काळंभोर होतं. बोट धरायला गेलो तर आतून आवाज, 'शिवू नका, सुतक आहे.' समासात शेरा मारलाय बघा तसा. मग शाईची गादी पुढं सरकवली, बाईनं आपापला अंगठा उठवला, तो घसरला."

"बरोबर आहे," रेणुकादास म्हणाला. "सुतकातल्या बाईला कसं शिवणार? आणि हे साक्षीदार?"

"दोघंही धर्मशाळेतच हजर होते. लातूरच्या अदालतीनं विचारलं म्हणून परवा समन्स पाठवलं. त्या पत्त्यांवर अशी माणसंच नाहीत." श्रीपादरावांनी उपरण्यानं मान पुसली. "माझी नोकरी जाईल हो."

कायद्यानं तीन राखणदार बसवले होते. साक्षीदार, खूण आणि अंगठा. एक राखणदार खोटा, दुसरा आंधळा. उरली ती खूण.

बाहेर येऊन रेणुकादासानं बाईला दस्ताचा मजकूर मराठीत सांगितला. समासातला शेरा तेवढा सांगितला नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

गोंदणाचं ऐकलं आणि उमाबाई हसली. या दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी.

"डावं मनगट म्हणता?"

तिनं चोळीची बाही वर केली, बांगड्या मागं सारल्या, आणि हात त्याच्यापुढं धरला. वेटोळं घातलेला नाग होता. उजव्या मनगटावर.

३

दुसऱ्या दिवशीच्या सर्व्हिस मोटारीनं रेणुकादास लातुरात उतरला. गोंदणाची चूक त्याच्या मनात मोटारीच्या चाकाइतकीच फिरत होती. जी बाई चोर, तिनं उमाबाईचा हात पाहिलाच नव्हता. तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यानंही हात पाहिला नव्हता. मग एवढी माहिती आली कुठून?

"वारशाचा अर्ज," उमाबाई म्हणाली. "मालक गेल्यावर अदालतीत दिला होता. अनंतराव वकिलांनी लिहून घेतला. ते ओसरीवर, मी समोर माजघराच्या दारात. खूण इचारली तसा मी हात असा पुढं केला न् झटकन आत घेतला. त्यांनी काय लिहिलं, मी कुठं वाचलं?"

रेणुकादासानं अदालतीतली प्रत पाहिली. डावं मनगट. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात लिहिणाऱ्याच्या डाव्या अंगाला येतो. वकिलानं पाहिलं तसंच लिहिलं. ती साधी चूक दोन वर्षं कागदात निजली होती, आणि चोरानं उचलली ती कागदासकट.

कागद तिघांनी हाताळला होता. वकिलांनी लिहिला. शिवमूर्तीनं अदालतीत नेला. आणि भावकी म्हणून एक प्रत मलप्पाला गेली.

मलप्पा आपल्या दारात घोंगडीवर बसून सुपारी कातरत होता. पाहुण्याला पाहून उठलासुद्धा नाही.

"वैनीनं पाठवलं तुम्हाला? बसा की. पोरगं काय परक्याचं हाय का? आमच्या रक्ताचंच हाय."

"वहिनींनी दत्तक घेतल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

अडकित्ता क्षणभर थांबला. "कागद टपालानं आला. वैनीचं मन बदललं असंल."

"त्यांच्या हातावर गोंदण कुठं आहे?"

"ही काय इचारायची गोष्ट हाय?" मलप्पा खेकसला. "वीस वर्षं त्या हातानं वाढलेलं खाल्लं. उजव्या. नाग हाय. लहानपणी आमचं सिद्धराम त्याला भिऊन रडायचं."

शिवमूर्तीचं उत्तर त्याहून छोटं होतं. "तराजू धरते तो हात, मुन्शीजी. उजवा."

अनंतराव वकिलांनी मात्र पाट मांडला, पाणी दिलं. गोरा, हसतमुख माणूस. ओठांवर मिशीची नुसती खुंटं, नुकती उगवू लागलेली. बोलताना ते सारखे त्यांवर बोट फिरवत.

"मोठा अन्याय झालाय बाईंवर," ते म्हणाले. "मी तर म्हणतो मलप्पावर सरळ तोतयेगिरीची फिर्याद ठोका. ताजीरातीत शिक्षा जबर आहे. फायदा कुणाचा ते बघा, रेणुकादास. कायद्यात नेहमी तेच बघायचं."

"गोंदण कुठल्या हातावर, आठवतं?"

"डाव्या. मीच तर लिहिलंय."

आतल्या दारात विधवेच्या लाल आलवणातली एक बाई पाण्याचं भांडं उचलायला वाकली आणि ते ऐकून तशीच थबकली. वकिलांनी मागं न बघताच म्हटलं, "विमल, आत जा." ती गेली.

रेणुकादास रस्त्यावर आला. वकिलांनी जे लिहिलं तेच सांगितलं, त्यात गुन्हा कसला? ज्यांना खरा हात माहीत, त्यांनी चुकीचा हात का सांगावा? की मलप्पानं मुद्दाम खोटा हात लिहवला, संशय दुसरीकडं जावा म्हणून? धाग्याचं टोक सापडावं आणि गुंता वाढावा, तसं झालं. आणि दिवस उरले होते पाच.

४

चाकूरहून माणूस आला तो बुधवारी सकाळी. उमाबाईचे सख्खे चुलते पहाटे वारले होते. बाई तशीच सर्व्हिस मोटारीनं गेली, समाधी देऊन दिवेलागणीला परत आली. रेणुकादास दुकानाच्या फळीवर बसून कागद चाळत होता. तिची चाहूल लागताच तो उठून उभा राहिला, जरा बाजूला सरकला.

"बाई, फार वाईट झालं. मी आता इथल्या धर्मशाळेत जातो. तुम्हाला आता दहा दिवस..."

"काय दहा दिवस?"

ती आत गेली. न्हाऊन आली. देवघरापुढं बसली, गळ्यातलं लिंग चौक्यातून काढून डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पाणी घातलं, बेलाचं पान वाहिलं. डोळ्यांतून धार लागली होती, पण हात हलला नाही. मग उठली, चूल पेटवली, आणि दुधाचा पेला गुळाच्या खड्यासह त्याच्यापुढं ठेवला.

रेणुकादासाचा हात पुढं होईना.

"घ्या की. तुम्हा बामणांना दूध चालतंय म्हणं."

"तसं नव्हे. म्हणजे, तुम्हाला सुतक नाही का? आणि सुतकात पूजा?"

"अवो मुन्शीजी," म्हातारा शिवमूर्ती दारातून हसला, "लिंग गळ्यात असल्यावर कसलं सुतक? ते तुमच्यात. आमच्यात न्हाई."

"काका गेले ते शिवाकडं गेले," उमाबाई म्हणाली. "त्याचा इटाळ कसा होईल?"

रेणुकादासानं हातात घेतलेला पेला पुन्हा खाली ठेवला.

शिवू नका, सुतक आहे.

तीनदा वाचलेलं वाक्य. आईच्या, आजीच्या तोंडून जन्मभर ऐकलेलं, म्हणून डोळ्यांखालून सहज निघून गेलेलं. त्यानं ते बाईला सांगितलंही नव्हतं! सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी ती हसली असती.

"बाई," तो म्हणाला, "त्या पडद्याआडच्या बाईनं तुमचं नाव घेतलं, तुमचा नाग हातावर काढला. पण एक गोष्ट तिला टाकता आली नाही. ती आमच्यातली होती. आणि त्या दिवसांत तिच्या घरचं खरोखर कुणीतरी मेलेलं होतं."

५

गुरुवारी दुपारी रेणुकादास नांदेडच्या घाटावर होता. गोदावरी हिवाळ्यातली, पाणी मागं सरलेलं, पायऱ्यांवर पिंडांचे कावळे. दहाव्याच्या क्रियेला मराठवाड्यातून माणसं इथं येतात. आदल्या दिवशी उतरतात ती घाटाजवळच्या त्याच धर्मशाळेत. आणि प्रत्येक घराण्याचा इथं एक उपाध्याय असतो. गोत्र, गाव, मेलेल्याचं नाव, सोबत आलेल्यांची नावं, सगळं तो आपल्या लांबट वहीत उतरवून ठेवतो, पुढच्या पिढीला कुळी सांगता यावी म्हणून.

"बहमनमधलं बघायचंय, भटजीबुवा. सतरा तारखेला नववा दिवस असलेलं घर. लातूरचं."

म्हाताऱ्या उपाध्यायानं लाल दोरी सोडली, पानं उलटली, अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा उलटली.

"लातूरचं एकच आहे. चुलते वारले. पुतण्यानं क्रिया केली, अठराला दहावा. सोबत विधवा बहीण, विमल."

"पुतण्याचं नाव?"

"अनंतराव. वकील आहेत ते. इथंच पायरीवर बसून क्षौर केलं. मिशी काढताना लई कुरकुरले हो!"

रेणुकादासाच्या डोळ्यांपुढं ती खुंटं आली, आणि त्यांवरून फिरणारं बोट.

आता कोण ते कळलं होतं. पण वहीत आलेलं नाव म्हणजे पडद्याआडचा हात नव्हे. अंगठा पुसट, साक्षीदार गायब. वकील उभा राहून म्हणेल, माझे चुलते वारले हा काय गुन्हा? त्या हाताला स्वतःच बोलावं लागणार होतं. आणि तो हात भावाच्या घरात, भावाच्या अन्नावर जगत होता.

६

"तुम्ही लांब बसा," उमाबाई म्हणाली. "बाईशी बाई बोलंल."

शुक्रवारी पहाटे विमल सिद्धेश्वराच्या देवळात येते, एवढं शिवमूर्तीनं काढून आणलं होतं. रात्रीच्या मोटारीनं लातूरला परतलेला रेणुकादास दीपमाळेशी बसला. धुकं होतं. आलवणाचा लाल ठिपका देवळामागून आला, आणि उमाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. बांगड्या मागं सारून तिनं उजवं मनगट पुढं केलं.

"हे बघ. ह्या हातावर हाय. तुला खोटं सांगितलं त्यांनी."

विमल मागं सरली. पळेल असं वाटलं. पळाली नाही.

"त्या दिवशी दादा डावा म्हणाला, तेव्हाच कळलं, हे आपल्यापर्यंत येणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की रेणुकादासाला कान द्यावा लागला. "काजळानं काढला होता त्यानं. म्हणाला, बाई आजारी आहे, तिचीच इच्छा आहे, तिच्यावतीनं नुसता अंगठा द्यायचाय. मी म्हटलं, मग तिचं नाव मी का सांगू? तर म्हणाला, दोन वेळचं जेवतेस ना, एवढं कर."

"आन् सुतक? ते बी त्यांनीच सांगायला लावलं?"

"नाही हो!" विमलनं पहिल्यांदा मान वर केली. "ते मीच बोलले. तो पेशकार सोवळ्यातला माणूस, स्नान करून आलेला. माझा हात धरायला लागला. नाव खोटं सांगितलं होतं, तेवढं पाप पुरे होतं. वर त्या बिचाऱ्याला विटाळ कसा करू? तोंडातून निघून गेलं. दादा नंतर किती बोलला मला!"

मग उमाबाईनं जे केलं ते रेणुकादासाला वाटलं नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसली आणि हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाली,

*पाळण्यात दिलं नाव, मायनं गं कानामंदी,*
*कुणी नेलं परगावी, बांधूनिया पदरामंदी.*

"मला राग आला होता तुझा," ती म्हणाली. "लई. दात खाऊन आले होते. पण माझं नाव तू नेलंस तवा तुझं नाव कुणी इचारलं का?"

विमल तिच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसली.

"मुन्शीजींच्या अर्जावरनं उद्या नांदेडला साहेबांपुढं चौकशी हाय, तुझ्या दादाला बी बोलावलंय. कायद्यात असं हाय म्हणं, की जी खरं सांगंल तिला माफी मिळू शकते. मुन्शीजी अर्ज लिहितील. मी जोर करणार न्हाई. तू न आलीस तर माझं घर जाईल, आलीस तर तुझं. बघ."

आणि उमाबाई उठून चालू लागली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

७

शनिवारी रजिस्ट्रारसाहेबांची खोली भरली होती. मलप्पा भिंतीला टेकून उभा, वकील खुर्चीत, श्रीपादराव नोंदवही पोटाशी धरून. मोटार येऊन अर्धा तास झाला होता. विमल आली नव्हती.

"मुन्शीजी, शुरू करो," साहेब म्हणाले. "लेकिन कयास नको. सबूत पाहिजे."

रेणुकादासानं एकेक कागद मांडला. अदालतीतला वारशाचा अर्ज, त्यातलं डावं मनगट. दस्तातलं डावं मनगट. मग त्यानं बाईंना हात पुढं करायला सांगितलं, आणि साहेबांनी चष्मा वर करून उजव्या मनगटावरचा नाग पाहिला.

"म्हणजे ज्यानं हे रचलं, त्यानं बाईंचा हात नाही, कागद पाहिला होता. मलप्पाला खरा हात ठाऊक आहे, मुनिमालाही. पेशकारांनी हा कागद जन्मात पाहिलेला नाही. कागदावर विसंबणारा माणूस एकच उरतो." त्यानं समासावर बोट ठेवलं. "आणि हा शेरा. लिंगायताच्या घरी सुतक नसतं. मलप्पाअण्णा, तुम्ही बाई उभी केली असती तर ती असं बोलली असती?"

"कसं बोलंल?" मलप्पाच्या तोंडून निघून गेलं. "आमच्यात असलं काही न्हाईच."

"त्या दिवशी त्या धर्मशाळेत लातूरचं एकच घर सुतकात होतं." उपाध्यायाच्या वहीची नक्कल त्यानं मेजावर ठेवली.

अनंतराव हसले. हसू छान होतं, फक्त बोट मिशीवर गेलं. "साहेब, माझे चुलते वारले हा गुन्हा झाला का? वही म्हणजे अंगठा नव्हे. दस्तावर अंगठा आहे, तो कुणाचा ते सांगा."

साहेबांनी अंगठ्याचं ढेकूळ पुन्हा उजेडात धरलं आणि मान हलवली. उमाबाईनं डोळे मिटले नाहीत. ती दाराकडं बघत होती.

"तो माझा आहे," दारातून आवाज आला.

आलवण धुळीनं माखलं होतं. मोटारीत दादा बसणार म्हणून ती मोटारीत चढली नव्हती. रात्रीच निघालेल्या कुणाच्या तरी गाडीतून आली होती. ती आत आली, भावाकडं न पाहता मेजापुढं उभी राहिली, आणि धर्मशाळेतलं सगळं सांगितलं. काजळ, पडदा, सुतक, आणि साक्षीदार म्हणून उभे केलेले घाटावरचे दोघे. अनंतराव दोनदा "विमल!" म्हणाले. तिसऱ्यांदा साहेबांनी त्यांना बसवलं.

मलप्पानं भिंत सोडली. "साहेब, मला वाटलं वैनी राजी झाली. वकील म्हणले, मी समजावतो, तुझ्या पोराचं नाव लागलं की दुकानामागची जागा मला दे. मी हाव म्हणलं." त्यानं उमाबाईकडं पाहिलं नाही. "खोटी बाई उभी केली, हे आत्ता कळून राहिलं. वैनी, शपथ."

"शपथ ऱ्हाऊ दे," उमाबाई म्हणाली. "अर्ज वापस घे आधी."

साहेबांनी शेरा लिहिला : दस्त करून देणारी बाई ती नव्हे. दस्त रद्द करणं लातूरच्या अदालतीचं काम, पण हा शेरा सोमवारी तिथं पोचला की मलप्पाच्या दाव्यात जीव उरणार नव्हता. वकिलांचा कागद पोलिसांकडं निघाला. विमलच्या माफीचा अर्ज रेणुकादासानं आधीच लिहून ठेवला होता. उमाबाईनं त्यावर, फिर्यादी म्हणून, आपली हरकत नसल्याचं सांगितलं.

श्रीपादरावांनी जबानी विमलपुढं सरकवली आणि सवयीनं शाईची गादी उघडली.

"ती नको," विमल म्हणाली. "मला लिहिता येतं. वडिलांनी शिकवलं होतं. दादाला ते माहीत होतं."

तिनं टाक घेतला. किती वर्षांनी घेतला असेल कोण जाणे. अक्षर वळणदार. विमल. मग वडिलांचं नाव. मग थांबली, आणि पत्त्याच्या जागेकडं पाहत राहिली.

"इथं काय लिहू?"

भावाच्या घराचा पत्ता आता लिहिता येणार नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पेशकारांनी खोकून खाली पाहिलं.

उमाबाई उठली, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. क्षणभर दोघींच्या मध्ये तेवढं अंतर राहिलं, जेवढं शिवाशिवीनं ठेवायला शिकवलेलं असतं. मग विमलनंच तिचा पदर धरला.

"लिही," उमाबाई म्हणाली. "लातूर, भांडे गल्ली. दार मोठं हाय. चूल दुसरी मांडू तुझी, तू सोवळ्यातली. आन् दुकानात पाट्या लिहायला कुणी न्हाई मला."